नुसत्या सरसाने सांधा टिकत नाही

शास्त्रपाठ : निर्गम २६:१५-३०, इफिस. ४:१-१६, मत्तय ५:२३-२४



घरातील जुनी खुर्ची डळमळू लागली म्हणजे तिच्याकडे जरा निरखून पाहावे. बहुधा तिचा पाय मोडलेला नसतो, पाठ शाबूत असते, बैठकीलाही तडा गेलेला नसतो. लाकूड सागवानी असेल तर ते नातवंडांच्याही उपयोगी पडेल इतके मजबूत असते. तरीही त्या खुर्चीवर कोणी विश्वासाने बसत नाही, कारण जेथे पाय बैठकीला मिळतो तेथील सांधा सैल झालेला असतो. दोष लाकडात शोधून सापडत नाही. तो दोन लाकडांच्या मध्ये असतो.

आपल्या कुटुंबांविषयी आणि मंडळ्यांविषयी हेच म्हणावे लागते. थोरला भाऊ सज्जन, धाकटाही सज्जन. पण वडिलांच्या घराच्या वाटणीपासून दोन घरांत बोलणे नाही. पंच प्रामाणिक, पाळक कष्टाळू. पण बैठक भरली की आवाज चढतात. एकाच मेजावरील भाकर घेणारे दोघे जण उपासना संपताच वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. माणसे चांगली आहेत, सांधा सैल आहे.

प्रेषित पौलाला सांध्याचे महत्त्व ठाऊक होते. मस्तक जो ख्रिस्त, त्याच्यापासून मिळणारी वाढ सांध्यासांध्यातून सर्व शरीराला पोहोचते, असे तो इफिसच्या मंडळीला शिकवतो. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो मंडळीला इमारतीची उपमा देतो. मूळ ग्रीक भाषेत या दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद आले आहे आणि त्याचा अर्थ ‘एकमेकांत नीट बसवून जोडणे’ असा होतो. म्हणून आज आपण काही वेळ सुताराच्या कामाकडे पाहू. आपल्यापैकी अनेक जण निवृत्तीनंतर किंवा सुटीच्या दिवशी हौसेने करवत-रंधा हाती घेतात. त्यांना यातील काही गोष्टी हाताने माहीत असतील. त्या मनानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

नासरेथचा कारागीर

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नासरेथचे लोक प्रभूला सुतार म्हणून ओळखतात. तेथील ग्रीक शब्द ‘तेक्तोन’ हा लाकूडकाम व बांधकाम करणाऱ्या कारागिराला लावला जात असे. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याने प्रभू नांगर आणि जू तयार करीत असे, असे लिहून ठेवले आहे. बैलाच्या मानेवर बसणारे जू नीट घडवले नाही तर मान सोलते, हे ज्याच्या हातांना माहीत होते, त्यानेच कष्टी जनांना आपले जू सोयीचे असल्याचे सांगितले.

त्या काळी गालीलात लाकूड कसे जोडत, हे आज डोळ्यांनी पाहता येते. इ.स. १९८६ च्या जानेवारीत अवर्षणामुळे गालील समुद्राचे पाणी ओसरले असता गिनोसार वसाहतीजवळच्या चिखलात दोघा कोळी बंधूंना एका जुन्या होडीचे अवशेष सापडले. होडी सुमारे ८ मीटर लांब व २.३ मीटर रुंद आहे. अभ्यासकांनी तिचा काळ इ.स. पूर्व पहिले शतक ते इ.स. पहिले शतक असा ठरवला. ती प्रभूच्याच वापरातील होती असे म्हणण्यास आधार नाही. पण त्याने अशाच होड्यांतून प्रवास केला यात शंका नाही. तिच्या फळ्या कडेला कड लावून, कुसू आणि खाच यांच्या सांध्यांनी जोडलेल्या आहेत, आणि सांधे निसटू नयेत म्हणून त्यांत लाकडी मेखा ठोकलेल्या आहेत. विशेष म्हणजे तिच्यात सुमारे डझनभर जातींचे लाकूड आढळले, आणि त्यांतील काही तर जुन्या होड्यांतून काढून पुन्हा वापरलेले होते. कारागीर गरीब असावा; परंतु सांधे चोख होते. म्हणून तऱ्हेतऱ्हेची आणि टाकाऊ म्हणावी अशी लाकडे एक होडी होऊन पाण्यावर तरली. आपल्या मंडळीतील माणसांकडे पाहून निराश होणाऱ्याने ही होडी आठवावी.

करवत

सांध्याची सुरुवात करवतीपासून होते. लाकूड रेषेच्या दिशेने उभे चिरायचे असेल तर करवतीचे दात बारीक पटाशांसारखे लागतात; रेषेला आडवे कापायचे असेल तर ते सुरीच्या टोकांसारखे लागतात. एकीचे काम दुसरीने घेतले तर लाकूड फाटते किंवा हात थकतो. दात एकाआड एक डावीउजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे चीर पात्याहून रुंद पडते आणि पाते अडकत नाही. याचा अर्थ असा की प्रत्येक कापात थोडे लाकूड भुसा होऊन जातेच. म्हणून जाणता मनुष्य रेघेवर करवत चालवीत नाही. टाकाऊ भाग ज्या बाजूला आहे त्या बाजूने, रेघेला लागून चालवतो. जास्त राहिलेले लाकूड पटाशीने काढता येते, कापून गेलेले परत लावता येत नाही.

बोधाचा शब्द हीदेखील करवतच आहे. पौल प्रीतीने सत्य बोलण्यास सांगतो. सत्य कापते, आणि त्यावाचून कोणताही सांधा बसत नाही; परंतु तरुणाला लागणारा शब्द आणि विधवेला लागणारा शब्द एक नव्हे. शिवाय रेघेच्या आत किती जावे याचे भान बोलणाऱ्याला हवे. आपल्या बोलण्यात दोन्ही बाजूंनी कापणाऱ्या करवतीची उपमा येते. प्रत्यक्षात बाजारात मिळणारी साधी हातकरवत पुढे ढकलताना कापते आणि मागे घेताना नुसती सरकते. जपानी करवतीची रीत याच्या उलट, ती ओढताना कापते. पण तीही एकाच दिशेने. आपण मात्र एकदा सुनावतो, आणि परतताना पुन्हा ओरखडा काढून येतो.

यशया संदेष्टा दहाव्या अध्यायात विचारतो की करवतीने आपल्याला चालवणाऱ्यापुढे बढाई मारावी काय? ज्यांना मंडळीत शिस्त लावण्याचे काम दिले आहे त्यांनी हे वचन वारंवार वाचावे. करवत कितीही धारदार असली तरी रेघ तिने आखलेली नसते.

कुसू आणि खाच

निर्गमाच्या सव्विसाव्या अध्यायात निवासमंडपाच्या फळ्यांचे वर्णन आहे. पुष्कळ जण हा भाग कंटाळून ओलांडतात. बाभळीच्या लाकडाच्या ४८ फळ्या, प्रत्येक दहा हात लांब व दीड हात रुंद. प्रत्येकीला खाली दोन कुसे, आणि त्या कुशांसाठी चांदीच्या ९६ उथळ्या. एकच कुसू असलेला खांब आपल्या जागी फिरू शकतो; दोन असले म्हणजे पीळ खात नाही. येथे सरसाचा उल्लेखही नाही. हा मंडप उतरवून, वाहून नेऊन, पुन्हा उभा करायचा होता. रानातल्या वाटचालीत त्याचे सांधे बसण्याच्या नेमकेपणावरच विसंबून होते.

कुसू म्हणजे काय? फळीचे टोक दोन्ही बाजूंनी कापून बारीक केले म्हणजे कुसू होते. साधारण नियम असा की कुशाची जाडी लाकडाच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश ठेवावी. म्हणजे जे आत शिरणार, त्याला आपली दोन तृतीयांश रुंदी सोडून द्यावी लागते. आणि जे आत घेणार, त्यालाही आपल्या पोटात खाच पाडून घ्यावी लागते. कोणी एकानेच दिले तर सांधा होत नाही. कुसू हाताच्या दाबाने किंवा हलक्या ठोक्याने आत जावे. हातोडीचे घाव घालून दडपले तर खाचेचे लाकूड फुटते. सैल सोडले तर कालांतराने हलू लागते.

हा सांधा मनुष्यजातीच्या फार जुन्या ठेव्यांपैकी आहे. जर्मनीतील लाइपझिग शहराच्या परिसरात सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या लाकडी विहिरी मिळाल्या. त्यांच्या ओक लाकडाच्या चौकटींतही खाचेत बसवून पाचरीने घट्ट केलेले कुसे आढळले. लोखंडी हत्यारे येण्याच्या कितीतरी आधी माणसाने ओळखले होते की टिकायचे तर दोघांनी थोडे थोडे कमी व्हावे लागते.

नवी सून घरात येते तेव्हा तिने आपली रुंदी सोडावी हे आपण जाणतो आणि मोठ्याने सांगतो. घराने आपल्यात खाच पाडावी, हे किती जण सांगतात? नवा पाळक येतो, तेव्हा त्याने मंडळीच्या रीती शिकाव्यात ही अपेक्षा रास्त आहे. पण मंडळी त्याच्यासाठी कोणती जागा मोकळी करते?

आणखी एक गोष्ट पाहा. त्या चांदीच्या उथळ्या कशाच्या होत्या? निर्गमाच्या तिसाव्या व अडतिसाव्या अध्यायांवरून कळते की शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने आपल्या जिवाची खंडणी म्हणून अर्धा शेकेल दिला. श्रीमंताने अधिक देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये असा नियम होता. त्याच चांदीच्या उथळ्या ओतल्या गेल्या. म्हणजे प्रत्येक फळी तारणाच्या मोलावर उभी होती. ज्याच्याशी आपले पटत नाही तो कोठे उभा आहे? आपण जेथे उभे आहोत तेथेच, त्याच मोलाने.

सरस

सरस हाही जुनाच. मिसरातील थीब्झ येथे सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात सुतारांची चित्रे आहेत. त्यांत विस्तवावर सरसाचे भांडे ठेवलेले दिसते. जनावरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून काढलेला हा सरस थंड पाण्यात भिजवून, गरम पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात मंद आचेवर, साठ अंशांच्या आसपास वितळवतात. उकळला तर त्याची ताकद जाते. आपल्याकडे १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आल्यापासून पांढऱ्या सरसाने बहुतेक ठिकाणी त्याची जागा घेतली.

सरसाविषयी दोन गोष्टी प्रत्येक हौशी कारागिराला शिकाव्या लागतात. पहिली, पांढरा सरस फटी बुजवीत नाही. दोन पृष्ठभाग रंध्याने सपाट करून, स्वच्छ करून, एकमेकांना भिडवले आणि मध्ये पातळ थर दिला तर जोड लाकडापेक्षाही मजबूत होतो. जोर लावला तर शेजारचे लाकूड फाटते, जोड नव्हे. पण मध्ये फट असेल तर डबाभर सरस ओतूनही तो वाळल्यावर आक्रसतो आणि सांधा दुबळाच राहतो. दुसरी, लाकडाच्या आडव्या छेदावर सरस धरत नाही. तेथे तंतूंची तोंडे उघडी असतात. बारीक नळ्यांप्रमाणे ती सरस शोषून घेतात आणि पृष्ठभाग कोरडा पडतो.

कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रीतीला पूर्णता करणारे बंधन म्हटले आहे. ही प्रीती आपण अनेकदा फटी बुजवण्यासाठी वापरू पाहतो. नाताळच्या स्नेहमेळाव्यात हात मिळवले, चार गोड शब्द झाले, चहा झाला, आणि फट तशीच राहिली. हिशेब तपासलेला नाही, अपमानाची क्षमा मागितलेली नाही, हिस्सा परत दिलेला नाही. कलस्सैकरांस पत्रातही प्रीतीच्या वचनाआधी लबाडी व राग टाकून देण्याची आणि क्षमा करण्याची आज्ञा आहे. आधी रंधा, मग सरस.

आणि ज्याचे मन आडवे कापले गेले आहे, त्याच्याशी बोलताना विशेष सांभाळावे. आपले सांत्वनाचे शब्द तो शोषून घेतो आणि कोरडाच राहतो. आपण म्हणतो, किती समजावले तरी उपयोग नाही. तेथे शब्दांवर विसंबू नये. सुतार अशा वेळी सरसाचे प्रमाण वाढवीत बसत नाही, कुसू करतो. दुखावलेल्याच्या घरी जाऊन बसावे, त्याच्या मुलाच्या शाळेचे काम करून द्यावे, दवाखान्यात रात्र काढावी. आपण स्वतः त्याच्या जीवनात थोडे आत शिरलो म्हणजे शब्दाला धरण्यास जागा मिळते.

दाब आणि अवधी

सरस लावलेला जोड क्लॅम्पमध्ये आवळून ठेवावा लागतो. पांढऱ्या सरसाला साधारण अर्धा ते एक तास दाब पुरतो. पण पूर्ण बळ येण्यास एक दिवस जाऊ द्यावा. फाजील आवळले तर सरसच बाहेर पिळून निघतो.

समेट झाल्यावर आपण येथेच चुकतो. काल हात मिळवले आणि आज जुन्या कर्जाची वही पुढे केली. काल क्षमा झाली आणि आज पूर्वीइतकाच विश्वास मागितला. सांधा जुळलेला असतो, पण भार घेण्यास तयार नसतो. त्याला एक दिवस द्या. माणसांच्या बाबतीत तो दिवस एक वर्षाचाही असू शकेल. प्रार्थनेत एकत्र राहणे, दुःखात एकत्र आवळले जाणे, हा देवाचा दाब आहे. तो वेळेआधी सोडवून घेऊ नये, आणि दुसऱ्यावर तो आपल्या हाताने वाढवूही नये.

पावसाळ्यासाठी जागा

पावसाळ्यात दारे फुगतात हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. लाकूड हवेतील ओलाव्याने रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. म्हणून जुन्या पद्धतीच्या दारात चौकटीचे कोपरे कुसू-खाचेने पक्के करतात, पण मधले तावदानी लाकूड चौकटीच्या खोबणीत नुसते सरकवून ठेवतात. त्याला सरस लावीत नाहीत. लावला तर पहिल्या उन्हाळ्यातच फळी फाटते, नाहीतर पावसाळ्यात चौकट उघडते.

आपल्या मंडळ्यांना या ज्ञानाची मोठी गरज आहे. मराठी ख्रिस्ती समाज आज महाराष्ट्राबाहेरही ठिकठिकाणी विखुरला आहे. मुलांच्या मराठीत हिंदी, कन्नड, गुजराती शब्द येतात. कोणाला पेटी-तबल्यावरचे भजन प्रिय, कोणाला गिटार. चौकट कोणती आणि तावदान कोणते, हे ओळखावे. ख्रिस्ताचे प्रभुत्व, त्याचे मरण व पुनरुत्थान, शास्त्राचा अधिकार हे कोपरे. ते पक्केच हवेत. बाकीच्या कितीतरी गोष्टी खोबणीत हलू द्याव्या. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने खाण्यापिण्याच्या व सणवारांच्या बाबतीत हीच मोकळीक दिली आहे. सगळीकडे सरस लावणारा मनुष्य मजबुतीच्या हेतूनेच लावतो, आणि त्यानेच दार फाटते.

निखळलेला सांधा

आता ज्याच्यासाठी हे सर्व लिहिले त्या गोष्टीकडे येऊ. सांधा निखळला आहे, काय करावे?

पांढऱ्या सरसाचा जोड सुटला तर जुन्या वाळलेल्या थरावर नवा सरस धरत नाही. जुना थर खरवडून कोरे लाकूड उघडे करावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि पुष्कळदा लोक ते टाळतात. जुना कातड्याचा सरस मात्र ऊब आणि ओलावा मिळाल्यास पुन्हा सैल होतो. म्हणून व्हायोलिन करणारे कारागीर आजही तो पसंत करतात, कारण वाद्य दुरुस्तीसाठी न फोडता उघडता येते. जी मने ऊब व अश्रू यांनी अजून विरघळतात ती धन्य! परंतु वाळून कठीण झालेले असेल तर खरवडण्यावाचून मार्ग नाही. काय घडले, कोणी काय म्हटले, कोणाचे काय घेतले, हे एकदा उघड बोलावे लागेल.

येथे एक इशारा अवश्य द्यावा. वाळवी लागलेल्या लाकडावर सरस लावून सांधा होत नाही. पोखरलेला भाग आधी काढावा लागतो. ज्या घरात मारहाण आहे, त्या घरातील बाईला ‘सहन कर, जुळवून घे’ एवढेच सांगणे म्हणजे वाळवीवर रंग देणे होय. तिला आधी सुरक्षित जागी नेणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. शिवाय लाकूड पटाशीला नाही म्हणू शकत नाही. मनुष्य म्हणू शकतो. आपण जाऊ आणि समोरचा दार उघडणार नाही, असेही होईल. आपल्याकडून होईल तितके करावे, असे पौलाने रोमकरांना सांगितले. त्याहून अधिक देव मागत नाही.

पौलाला हे अनुभवाने ठाऊक होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरा, यात मार्काच्या निमित्ताने त्याचे व बर्णबाचे तीव्र भांडण होऊन दोघे वेगळे झाले. पण तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना तोच पौल मार्काला घेऊन येण्यास सांगतो, कारण तो आता सेवेसाठी उपयोगी आहे. मध्ये बरीच वर्षे गेली होती. सांधा पुन्हा बसला, आणि पौलाने अखेरच्या दिवसांत त्यावर आपला भार टाकला.

हे कोणाच्या बळाने घडते? ज्याने लाकडे जोडली, त्याला एके दिवशी लाकडावरच खिळण्यात आले. त्याच वधस्तंभाने त्याने देवापासून तुटलेल्यांना देवाशी आणि एकमेकांपासून तुटलेल्यांना एकमेकांशी जोडले. त्याने आपली रुंदी सोडली. आता खाच पाडून घेणे आपल्याकडे आहे.

वाचकहो, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील प्रभूची आज्ञा अशी की वेदीजवळ आलेल्याला भावाची आठवण झाली तर त्याने अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. हा लेख वाचताना आपल्या मनात एखादे नाव आले असेल. पुढच्या प्रभुभोजनापूर्वी त्या नावाच्या दारी जा. दूर असेल तर पत्र लिहा, फोन करा. जाताना हिशेब स्वच्छ न्या, शब्द मोजके न्या, आणि परतताना ओरखडा काढू नका.

प्रार्थना : हे प्रभो, नासरेथच्या कारागिरा, आमच्यात जेथे फट आहे ती तू जाणतोस. तुझ्या सत्याने आम्हांला मापून काप, तुझ्या प्रीतीने जोड, आणि सांधा धरेपर्यंत आम्हांला तुझ्या हातून सोडू नको. आमेन.